एकट्या बाईंवर किती टाकणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा नातू सोलापुरातल्या एका शाळेत चौथीत शिकतो. गेल्या महिन्यात पालकसभेत एक अर्ज फिरला. वर्गात एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे, त्याच्यामुळे बाकीच्यांचा अभ्यास बुडतो, तरी त्याला विशेष शाळेत पाठवावं, असा त्याचा मजकूर. माझ्या हातात कागद आला तेव्हा त्यावर तीसेक सह्या होत्या. त्या मुलाची आई त्याच सभेत मागच्या बाकावर बसलेली होती.

मी सही केली नाही. पण ज्यांनी केली त्यांना निर्दयी म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण त्यांची तक्रार खरी आहे. घंटा झाली की तो मुलगा कानांवर हात दाबून टेबलाखाली शिरतो, कधी किंचाळत व्हरांड्यात पळत सुटतो. बाई त्याच्या मागे धावतात आणि वर्ग तसाच राहतो. ‘आजी, आज भागाकार परत राहिला,’ हे मी नातवाच्या तोंडून आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. पटावर 47 मुलं, आणि बाई एकट्या.

मी 31 वर्षं प्राथमिक शिक्षिका होते, त्यातली बरीचशी शहराच्या पूर्व भागात. आमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता. एका वर्षी तिसरीत एक मुलगी आली. छातीशी कापडी पिशवीत डबीसारखं श्रवणयंत्र आणि कानात वायर. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि माझं काम झालं असं समजले. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या लक्षात आलं, की ती वर्गात यंत्र बंद ठेवते आणि मधल्या सुट्टीत सुरू करते. त्या यंत्रातून माझा आवाज जितका मोठा व्हायचा तितकीच मागाची खटखट आणि डोक्यावरच्या पंख्याची घरघरही मोठी व्हायची. पहिला बाक बरोबर पंख्याखाली आणि कारखान्याच्या भिंतीकडे होता.

मग मी पंखा बंद ठेवायला लागले. थंडीत ते निभावलं. मार्चमध्ये सोलापूरचा उन्हाळा सुरू झाला, आणि एक दिवस मागच्या बाकावरच्या मुलाचा घोळणा फुटला. सदरा रक्ताने भरला. दुसऱ्या दिवशी त्याची आजी वर्गाच्या दारात उभी. ती मला जे बोलली त्यात चूक काहीच नव्हतं. मी पंखा सुरू केला. मुलीला भिंतीपासून आणि पंख्यापासून लांब, खिडकीच्या कोपऱ्यात हलवलं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं सोडलं आणि प्रत्येक सूचना लिहायला लागले. त्याचा फायदा भलत्यांनाच जास्त झाला. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी होती, फळ्यावर मराठी वाक्य दिसलं की त्यांना ते धरता यायचं. पण सगळं लिहिण्यात वेळ जायचा आणि अभ्यासक्रम मागे पडला. तो मी रविवारी मुलांना घरी बोलावून भरून काढला. पुढे माझ्याच घरात आजारपण आलं आणि रविवार बंद झाले. तेव्हा नुकसान झालं ते झालंच, ते मी लपवणार नाही.

एकाची सोय केली की दुसऱ्याचं काही जात नाही, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. परीक्षेत तासामागे 20 मिनिटं जादा दिली किंवा लेखनिक दिला, तर कुणाचं काही जात नाही, त्यावर कुरकुर करणाऱ्यांनी करू नये. पण चालू तासात बाईंचे दोन हात आणि पस्तीस मिनिटं असतात, ती वाटूनच द्यावी लागतात.

ती इतकी तुटपुंजी का, हा प्रश्न अर्जात कुठेच नव्हता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करण्याची जबाबदारी शासनावर आणि शिक्षणसंस्थेवर टाकतो. वर्गशिक्षिकेने ती एकटीने ओढावी, असं त्यात कुठे नाही. शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवड त्याच कायद्याने 6 ते 18 वयाच्या ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला दिली आहे. वर्गातल्या इतर पालकांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिक शाळेत अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला एका शिक्षकामागे साधारण 30 मुलं, मोठ्या शाळेतही 40 च्या वर नाही. आमच्या वर्गात 47 आहेत, आणि विशेष शिक्षक कधीतरी येतात, रजिस्टर भरतात, पुढच्या शाळेत जातात. त्यांनाही दोष देत नाही, त्यांच्याकडे शाळाच तेवढ्या आहेत.

सभा संपल्यावर मी त्या आईशेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, ‘घंटेच्या दोन मिनिटं आधी त्याला घंटेचं चित्र दाखवलं ना, की तो बऱ्याचदा सावरतो. घरी कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मी असंच करते.’ शाळेत हे कुणाला सांगितलं का, असं विचारलं. कुणी विचारलंच नाही, म्हणाली. आता बाई चित्र दाखवतात. ज्या दिवशी आठवण राहते त्या दिवशी भागाकार होतो. 47 मुलांत रोज आठवण राहत नाही.

मी दुसरा अर्ज लिहिला आहे. वर्गाची तुकडी पाडावी, विशेष शिक्षक आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पूर्ण वेळ वर्गात असावा, आणि या वर्गाला एक मदतनीस मिळावी. मुख्याध्यापकांना दिला की प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना देणार आहे. आतापर्यंत 11 सह्या झाल्या. त्यातल्या चौघांनी पहिल्या अर्जावरही सही केली होती. राहिलेल्या पालकांच्या घरी मी संध्याकाळी जाते आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर