बटण दाबले तरी काच तापलेलीच असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, हिवाळ्यात परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठीचा लेख वाचला. रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून पहिले काम हे पत्र लिहिण्याचे. लेखातला कपड्यांचा, बुटांचा, औषधांच्या चिठ्ठ्यांचा भाग उपयोगी आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार. पण गॅस फायरप्लेसच्या, म्हणजे बंद काचेमागे गॅसवर जळणाऱ्या शेकोटीच्या, रिमोटवर जो अर्धा रकाना आहे, त्यातले एक वाक्य मी तीनदा वाचले. नातवंडे जवळ आली की सोफ्यावरूनच बटण दाबावे, आग बंद, काळजी मिटली, असा त्याचा आशय. हे छापण्याआधी फायरप्लेस रोज वापरणाऱ्या एका तरी माणसाला दाखवले होते का?

मी स्वतः ते बटण दाबले आहे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयता मुलाकडे कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसागाला होतो. नातू तेरा महिन्यांचा, नुकता उभा राहायला लागलेला. टीपॉय, सोफा, कुणाचा तरी गुडघा, हाताला लागेल ते धरून चालायचा आणि तोल गेला की दोन्ही तळवे पुढे करायचा. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, बाळ तिकडे येतंय, फायरप्लेस बंद करा." मी रिमोटचे बटण दाबले. खाली रिसीव्हरमध्ये, म्हणजे रिमोटचा इशारा घेणाऱ्या डबीत, टिक असा आवाज आला, ज्वाळा बसल्या. "केली गं," म्हणालो आणि पुन्हा मोबाइलवर पेपर वाचू लागलो. तुमचाच पेपर होता. दोन मिनिटेसुद्धा झाली नसतील. बाळाने टीपॉय सोडला, तीन पावले टाकली, तोल गेला आणि दोन्ही हात काचेवर टेकले.

तो आधी रडलाच नाही. एवढ्या लहान मुलाला चटका बसला तरी हात मागे घ्यायचे चटकन सुचत नाही, शिवाय अंगाचा सगळा भार तळव्यांवर होता. मी उठून त्याला मागे ओढले तेव्हा तो ओरडला. तो आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. सौ. टूथपेस्ट आणायला धावली. सूनबाईने तिला थांबवले आणि बाळाचे हात नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरले, घड्याळ लावून वीस मिनिटे. बर्फ नाही, हळद नाही, पेस्ट नाही. तिला ते माहीत होते, हे आमचे नशीब. उजव्या तळव्यावर मोठे फोड आले. दोन्ही हातांना तीन आठवडे पट्ट्या होत्या. हात टेकता येत नसल्याने रांगणेही बंद झाले, पोर जागच्या जागी बसून राहायचे. आता तो बरा आहे. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कातडीचा रंग तेवढा वेगळा दिसतो.

लेखकाला आणि तुम्हाला माझे सांगणे एवढेच आहे. रिमोट ज्वाळा बंद करतो, काच थंड करत नाही. या बंद काचेच्या फायरप्लेसची काच ५०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या २६० अंशांच्या घरात तापू शकते. भाकरीचा तवा चुलीवरून उतरवला तरी त्याला हात लावू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळते, कारण तवा तव्यासारखा दिसतो. ही काच विझल्यावर बंद टीव्हीसारखी दिसते. काळी, गुळगुळीत, पोराच्या बरोबर छातीच्या उंचीवर. ती हात लावण्याइतकी निवायला पाऊण तास लागू शकतो. पूर्वी माणूस उठून शेगडीजवळ जायचा, वाकून खटका बंद करायचा, तेव्हा तोंडावर धग लागायची. धग लागली की पोराला आपोआप मागे घेतले जायचे. दहा फुटांवर सोफ्यात बसून बटण दाबणाऱ्याला ती धग लागत नाही. मला लागली नाही.

अमेरिका-कॅनडात २०१५ पासून तयार होणाऱ्या अशा फायरप्लेसना काचेपुढे संरक्षक जाळी सक्तीची आहे. लेखात तिचा उल्लेखही नाही. मुलाचे घर २००४ सालचे, फायरप्लेस तेव्हाचीच, त्यामुळे जाळी नव्हती. जुन्या फायरप्लेसला ती वेगळी विकत घेऊन बसवता येते. आम्ही बसवली, पण नंतर. रिमोट विकत घेताना जाळीचा विचार मुलाच्या डोक्यात आला नाही, माझ्याही नाही. आणि मी सांगलीत वीज मंडळात एकतीस वर्षे काढलेला माणूस आहे.

तेव्हा रिमोट बसवण्याबद्दल जे लिहिले आहे, त्यावरही बोलतो. भिंतीवरच्या स्विचच्या दोन वायरी सोडवून रिसीव्हरला जोडायच्या, दहा मिनिटांचे काम, असे लेखात म्हटले आहे. कोणत्या दोन वायरी? मुलाच्या घरी भिंतीवरच्या एकाच पाटीत दोन स्विच होते. एक फायरप्लेसच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे गॅस सोडणाऱ्या झडपेचा, दुसरा पंख्याचा. पंख्याच्या स्विचला १२० व्होल्ट. व्हॉल्व्हच्या वायरींत मात्र बाहेरची वीज अजिबात नसते. पायलटची छोटी ज्योत सतत जळत असते, तिच्या धगीने थर्मोपाइलमध्ये, म्हणजे उष्णतेपासून वीज करणाऱ्या भागात, पाऊण व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या निम्मा. तेवढ्यावर व्हॉल्व्ह उघडतो. त्या व्हॉल्व्हला चुकून १२० व्होल्ट दिले तर तो जळणार, आणि तो गॅसचा व्हॉल्व्ह आहे हे विसरू नये. आम्ही मल्टिमीटर लावून बघितल्याशिवाय एकाही वायरीला हात लावला नाही.

मुलगा पोटावर झोपून फायरप्लेसच्या खालच्या झाकणाआत हात घालत होता, मी टॉर्च धरली होती. व्हॉल्व्हवर तीन टर्मिनल असतात. भिंतीवरचा स्विच ज्या दोन टर्मिनलांवर येतो, त्याच दोहोंवर रिसीव्हर येतो. रिसीव्हर साबणाच्या डबीएवढा, आत चार पेन्सिल सेल. तो व्हॉल्व्हला खेटून ठेवायचा नाही, एका बाजूला, आणि सोबत आलेला पत्रा आगीच्या बाजूला उभा करायचा. नाहीतर उष्णतेने सेल आणि प्लॅस्टिक दोन्ही खराब होतात. मग रिसीव्हरवरचे बारीक बटण पेनच्या टोकाने दाबून रिमोटची ओळख करून द्यायची. एवढे सगळे झाल्यावरही मुलाने परवाना असलेल्या तंत्रज्ञाला बोलावून गळती तपासून घेतली, कारण ओंटारिओत, म्हणजे मिसिसागा ज्या प्रांतात आहे तिथे, गॅसच्या उपकरणाचे काम परवाना नसलेल्याने करायचे नसते. दहा मिनिटांचे काम म्हणे!

त्याच रिमोटवर थर्मोस्टॅट असतो, म्हणजे ठरवलेल्या तापमानाप्रमाणे आग आपोआप चालू-बंद करणारी सोय. २२ अंशांवर लावून निर्धास्त राहा, असे लेखक सुचवतो. लहान मूल असलेल्या घरात हे करू नये. खोलीचे तापमान रिमोट स्वतः मोजतो, म्हणजे तो जिथे पडला असेल तिथले. आमच्याकडे एकदा तो खिडकीच्या कट्ट्यावर राहिला, गार काचेला टेकून. सगळे वर निजलेले, खाली फायरप्लेस आपोआप पेटली आणि पेटलेलीच राहिली. सकाळी दिवाणखान्यात भट्टी झाली होती. कुणी बटण न दाबता काच तापते, हे आजी-आजोबांना कोण सांगणार? हातानेच चालू-बंद करायच्या पद्धतीवर रिमोट ठेवावा, त्यातले मुलांसाठीचे कुलूप लावावे आणि घरात मूल खेळत असेल तेव्हा रिसीव्हरवरची सरकपट्टीच बंदवर करावी. हे तीन ओळींत मावले असते.

माझा फायरप्लेसवर राग नाही. २०१३ च्या डिसेंबरात बर्फाच्या वादळाने टोरंटोत सुमारे ३ लाख ग्राहकांची वीज गेली होती, तेव्हा मुलाने तिच्याच उबेवर दिवस काढले. वीज नसली की सगळे घर तापवणारी मोठी भट्टी बंद पडते, ही पायलटवाली मात्र चालते. तिचे मोल मला कळते.

आणखी एक राहून गेले. २००८ च्या डिसेंबरात ओंटारिओतल्या वुडस्टॉक गावी लॉरी हॉकिन्स ही पोलीस अधिकारी, तिचा नवरा आणि त्यांची दोन मुले कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने गेली. गॅस फायरप्लेसची हवा बाहेर टाकणारी वाट बंद झाली होती. पुढे २०१३ मध्ये त्या कुटुंबाच्या नावाने कायदा झाला आणि अशा घरांत त्या वायूची सूचना देणारा अलार्म सक्तीचा झाला. मुलाकडे गेल्यावर पहिल्या दिवशी तो अलार्म कुठे आहे आणि त्याचा आवाज कसा आहे, हे विचारून घ्यावे. आपल्याकडे दर थंडीत बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या तुम्हीच छापता, त्यामुळे याचे महत्त्व मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

लेखासोबतचे छायाचित्रही लाकडाच्या फायरप्लेसचे आहे. त्यात ओंडके, राख, चिमटा सगळे दिसते. गॅसवाल्या फायरप्लेसशी त्याचा काही संबंध नाही, तिच्यातले ओंडके नुसते शोभेचे असतात. चित्रे निवडताना कुणी लेख वाचत नाही, असे दिसते. आणि सोमवारी शब्दकोड्याचे उत्तर ई-पेपरात येणे दोन महिन्यांपासून बंद आहे. सौ. त्यासाठी मला रोज विचारते. त्याबद्दल दोनदा लिहिले, उत्तर नाही.

दिवाळीनंतर आमच्या ओळखीतलीच चार जोडपी सुना-लेकींच्या बाळंतपणासाठी तिकडे निघाली आहेत. त्यांतल्या दोघांनी तुमचा लेख कापून ठेवल्याचे मला आज सकाळी फोनवर सांगितले. ते वाक्य चुकीचे होते, अशी दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी. आतल्या कोपऱ्यात नको. पत्र लांबले आहे, जागेसाठी कापायचे झाले तर शब्दकोडे कापा, पण काचेचा भाग तसाच ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वीज कर्मचारी, सांगली