अक्का, अंगाबद्दल विचारल्याबद्दल

प्रिय अक्का,

हे पत्र भावाला वाचून दाखवलंय आणि त्यानं 'घाल' म्हटल्यावरच सगळ्यांसमोर ठेवतेय. नावं लिहायची नाहीत, त्याचंही नाही आणि तुमचंही नाही, असं आमचं ठरलंय.

भावाला स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार आहे. त्याचं नाव काढलं की भास आणि संशय एवढंच लोकांना ठाऊक असतं. आवाज येतात का, कोण मागं लागलंय असं वाटतं का, हेच प्रश्न त्याला जिथं तिथं विचारले गेले. तुम्ही हालचालीतून, नाचातून उपचार करता; अंगाला कसं वाटतं, हे विचारणाऱ्या पहिल्या तुम्ही. तो तुम्हाला म्हणाला, "हात माझा हाय, खरं माझा वाटंना." हे वाक्य आम्ही घरच्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. बेळगावातल्या वडगावच्या मागावर तुटलेला धागा बघता बघता जोडणारे हात हो ते!

या आजारात आपलं शरीर कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं, याची हद्दच पुसट होऊ शकते, हे तुम्ही आईला समजावून सांगितलंत. कुणाला हात लांब झाल्यासारखा वाटतो, कुणाला चेहरा परका दिसतो, कुणाला आपली हालचाल दुसराच कोणीतरी घडवतोय असं वाटतं. त्यावर औषधांचा भार. ओलान्झापिन नावाच्या गोळीनं वजन वाढतं, काही गोळ्यांनी अंग आखडतं, चाल मंदावते. गोळ्यांनी त्याचे आवाज शांत केले, त्यांचं मोल आम्ही जाणतो आणि त्या चालूच आहेत. पण शिंप्याला माप घेऊ न देणारा, सैल बनियनवर दिवस काढणारा माझा भाऊ कुणाच्या तपासणीत येत नव्हता.

तुमच्या खोलीत आरसा नाही, हे मी पहिल्याच दिवशी बघितलं. अनवाणी उभं राहून टाचा फरशीवर दाबायच्या, तळव्यांनी स्वतःचे दंड, खांदे चोळायचे, भिंतीला पाठ टेकून भिंत जाणवू द्यायची. कुणालाही हात लावण्याआधी तुम्ही विचारता. वर्षानुवर्षं ज्यांना धरून, ओढून, बांधून इकडंतिकडं नेलंय, त्यांना कुणीतरी "हात लावू का?" म्हणून विचारतंय, हे बघून माझे डोळे भरून आले.

मग सगळ्यांनी गोल उभं राहून हलायचं, ते वर्तुळ. मॅरियन चेस नावाच्या नर्तकीनं १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात, बोलणं जवळजवळ थांबलेल्या रुग्णांबरोबर असंच काम सुरू केलं, ही गोष्ट तुम्हीच सांगितलीत. तिची रीत अशी की पावलं शिकवायची नाहीत, समोरच्याची हालचाल आपण उचलायची. भाऊ बरेच आठवडे नुसता उभा असायचा. एकदा त्यानं अंगठा फरशीवर आपटला, दोनदाच. तुम्ही शाबासकी दिली नाहीत, टाळ्या वाजवल्या नाहीत. तुमच्या पायानं तोच ठेका धरला, मग शेजारच्यानं, मग सगळ्यांनी. बैलहोंगलकडच्या त्या मावशींना मराठी येत नाही, भावाला कन्नड जेमतेम. तुम्ही "ओंदु, एरडु" म्हणत होता, तो "एक, दोन". ठेका एकच होता.

लेझीम घ्या म्हणून आम्ही पालकांनीच आग्रह धरला होता. आपल्याकडं शाळेपासून अंगात भिनलेली ती. तुम्ही थांबवलंत. सगळ्यांचं पाऊल एकाच वेळी पडायला हवं म्हटलं की गोळ्यांनी आखडलेला माणूस मागं पडतो आणि मागं पडण्याची त्याला आधीच सवय झालेली असते, असं म्हणालात. हे मला मनापासून पटलं.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे राहतील. "यानं तो बरा होईल का?" असं आईनं विचारलं, तेव्हा तुम्ही आशेचं गाजर दाखवलं नाहीत. लंडनमधल्या ४५ रुग्णांच्या २००६ च्या अभ्यासात अशा शरीराधारित उपचारानं भावना गोठणं, हालचाल मंदावणं कमी झालेलं दिसलं; पण पुढं २७५ जणांच्या मोठ्या चाचणीत, २०१६ मध्ये, पिलाटेसच्या व्यायामापेक्षा त्याचा फारसा जास्त फायदा आढळला नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. गंडेदोरे आणि खात्रीच्या औषधांत आमचे पैसे आणि वर्षं गेली आहेत. खरं सांगणाऱ्या माणसावर आमचा विश्वास बसला.

आजार गेलेला नाही. वाईट दिवस येतात, तेव्हा तो पांघरुणातून बाहेर येत नाही. पण गेल्या महिन्यात तो शहापूरच्या शिंप्याकडं स्वतःहून गेला. हात पसरून उभा राहिला, छातीचं, पोटाचं, बाहीचं माप देऊन आला. निळा शर्ट शिवलाय, त्याच्या आताच्या अंगाच्या मापाचा. आईनं तो चारचौघांना दाखवलाय.

खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या ज्या घरांत असं माणूस आहे, त्यांनी त्याला एवढं तरी विचारावं म्हणून हे उघडपणे लिहिलं.

भावाचा निरोप आहे: पुढच्या वेळी ढोल जरा हळू वाजवा, आणि भिंतीजवळची जागा त्याच्यासाठी ठेवा.

तुमची,
त्याची थोरली बहीण