पन्नास क्विंटलचं इंजिन

कोइंबतूर
6 ऑगस्ट 2025

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काहून वो, अजून त्या एकाच इंजनात आहेस का तू?" मी हो म्हटलं, पण त्यापुढचं तुम्हाला काही ऐकू गेलं नाही. कानातलं यंत्र डबीत ठेवलं की जास्त दिवस टिकतं, असं कोणी सांगितलं तुम्हाला? म्हणून लिहायला बसले. आईला वाचून दाखवा. नाहीतर तिलाच वाचू द्या, ती तुमच्यापेक्षा भरभर वाचते.

तर हो, त्याच इंजिनात आहे. जानेवारीत आमच्या वर्कशॉपमध्ये आलं, ऑगस्ट लागला. गाडी म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल समजा, वाळूत नि चिखलात पळणारी. एटीव्ही म्हणतात. पर्यटनाच्या गावी पैसे घेऊन एक चक्कर मारून आणतात तशीच दिसायला, पण ही शर्यतीच्या जातीची, यामाहाची रॅप्टर 700. डकारच्या वाळवंटी शर्यतीत 2024 पर्यंत अशा गाड्यांचा वेगळा गट होता, त्यात हीच सगळीकडे दिसायची. मालक हैदराबादकडचा आहे. त्याला कंपनीचं इंजिन पुरत नाही.

विहिरीवरचं आपलं इंजिन आठवतं ना? 80 मिलिमीटरचा बोअर, 110 चा स्ट्रोक, 553 सीसी, पाच हॉर्सपॉवर. (आई, बोअर म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव.) हे 686 सीसीचं. एकच सिलिंडर, म्हणजे आकाराने काही डोंगर नाही. तरी कंपनीतून निघतानाच चाळीसच्या वर हॉर्सपॉवर देतं. कारण आपलं इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घ्यायचं आणि हे नऊ हजारांपर्यंत जातं. आपला पिस्टन सरासरी सेकंदाला साडेपाच मीटर धावायचा, हा पंचवीस मीटर धावतो. आणि सेकंदात तीनशे वेळा थांबून उलटा फिरतो. त्यात आम्ही बोअर 102 वरून 105.5 मिलिमीटर करतो आहोत, म्हणजे 734 सीसी. एवढ्या घाईच्या यंत्रात केसाएवढी चूकसुद्धा लपत नाही.

आता पैसे. चार लाख पाच हजार. मी आकडा सांगितला तेव्हा मागून आईचा आवाज आला, "पन्नास क्विंटल कापूस झाला की हा, बाप्पा!" मी नंतर गुणाकार करून पाहिला. यंदाच्या 8,110 च्या हमीभावाने जवळजवळ पन्नास. आई, तू मुनीम व्हायला हवी होतीस. निम्म्याहून जास्त पैसे सामानातच गेले: सिलिंडर, फोर्ज केलेला पिस्टन, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, क्लच, सगळं अमेरिकेतून. किंमत डॉलरात, वर भाडं, त्यावर ड्यूटी. उरले ते हाताच्या कामाचे. हवा आत जाते तो हेडमधला रस्ता हाताने घासून मोकळा करायला आमच्या उस्तादांना नऊ दिवस लागले. आणि माझ्या हाती काय येतं म्हणशील तर पगार. होता तोच.

बोअर इथेच का नाही करत, हा तुमचा प्रश्न मला येतोच आहे. आपल्या इंजिनात बिडाचा लायनर होता. झिजला की कळंबच्या मिस्त्रीने बोअर मारायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, संध्याकाळी बंडीत घालून घरी. हा सिलिंडर ॲल्युमिनियमचा आहे, आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक पातळ थर दिलेला. बोअर मारला की तो थरच जातो. मग पुन्हा थर चढवा, पुन्हा हिऱ्याच्या दगडाने होनिंग करा, म्हणजे आतून घासून मापाला आणा. म्हणून मोठ्या बोअरचा तयार सिलिंडर मागवला. पाठवणाऱ्याने कागदावर भलतंच काहीतरी लिहिलं आणि पार्सल सव्वा महिना अडकून पडलं. त्याआधी रांगेत पाच इंजिनं होती. मालक रोज संध्याकाळी फोन करतो, "मॅडम, कब मिलेगा?" त्याचंही चूक नाही. पैसे भरून बसलाय बिचारा.

मागच्या आठवड्यात पिस्टनच्या रिंगा बसवल्या. रिंग बोअरमध्ये सरळ सरकवायची आणि तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पत्त्यांनी, मोजायची. मला 0.45 मिलिमीटर हवी होती, भरली 0.30. तापल्यावर रिंग फुगते. फट कमी असेल तर टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो. म्हणून कानशीने दोन घासे, पुसायचं, मोजायचं, परत दोन घासे. फट वाढवता येते, कमी करता येत नाही. पहिल्या रिंगेला दीड तास लागला.

मग क्ले. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळातली क्ले थापायची, हेड कसायचं, इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवायचं आणि पुन्हा खोलायचं. व्हॉल्व्ह जिथे पिस्टनच्या जवळ येतो तिथे क्ले दबलेली असते. ब्लेडने कापून तिची जाडी मोजायची. नवा कॅमशाफ्ट व्हॉल्व्हला जास्त खाली ढकलतो, त्यामुळे हे केल्याशिवाय सुटका नाही. उरलेल्या गोळ्याचा मी बैल केला. मोजमापाच्या टेबलावर उभा आहे. उस्तादांना वाटलं कुत्रा आहे.

तर पोळ्याचं. 22 तारखेला मी नसेन. इंजिन याच आठवड्यात उभं राहील, पण नवे भाग एकमेकांना बसेपर्यंत लगेच पळवता येत नाही. थोडं चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं. तेल काढून त्यात चुरा आहे का बघायचं. मग हळूहळू लोड. मालक म्हणतो थेट द्या, मी रेतीतच रनिंग करतो. मी नाही म्हटलं. तो चिडला. उस्ताद काही बोलले नाहीत.

बाबा, मी सातवीत होते त्या वर्षीचा गहू आठवतो? बोअर मारून देताना मिस्त्रीने सांगितलं होतं, आठ दिवस अर्ध्या लोडवर चालवा. पण गहू ओंबीवर आलेला, लाइनीचा पत्ता नाही. तुम्ही पहिल्याच रात्री पूर्ण लोडवर लावलं. मी बॅटरी घेऊन धुऱ्यावर बसले होते. आवाज जड झाला, जसा चढावर बैलाचा श्वास होतो, आणि मग एकदम बेडकं ऐकू यायला लागली. तुम्ही फ्लायव्हीलला दोन्ही हातांनी जोर लावला. हललं नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त माझ्या हातातली बॅटरी घेऊन बंद केलीत. इंजिन पुन्हा चालू होईपर्यंत निम्मं वावर पोचट झालं होतं. तेव्हा तुमच्या हातात दुसरं काही नव्हतं, हे मला आज कळतं. या हैदराबादच्या माणसाचा गहू काही वाळत नाही.

महालक्ष्म्यांना नक्की येते. तिकीट काढलंय, वर्ध्यापर्यंत. आई, नखांचं आत्ताच सांगून ठेवते, काळीच असतील. तू सांगितलेलं साखर आणि गोडं तेल इथल्या कुठल्याही साबणापेक्षा चांगलं चालतं, आता अख्खं वर्कशॉप तेच वापरतं. पण नखांच्या कडा निघत नाहीत. पाहुण्यांसमोर हात पदराखाली झाकायला मला पदर नसतो.

आणि बाबा, त्या रात्रीचा पिस्टन गोठ्यातल्या कोनाड्यात आहे ना अजून? पोळ्याला गोठा साराल तेव्हा तो घासूनपुसून ठेवू नका. मला त्याच्यावरचे ओरखडे बघायचे आहेत, कोणत्या बाजूला जास्त आहेत ते. येताना मायक्रोमीटर घेऊन येते.

तुमची,
मोठी