कपाटाची किल्ली कुणाकडं?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात एका कागदपत्राच्या कामासाठी मुंबईला जायला लागलं. काम बारालाच उरकलं आणि परतीची महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची, मग एवढा वेळ काढायचा कुठं. म्हटलं चला, कधीपासनं मनात होतं ती टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी बघून येऊ. टॅक्सीवाल्याला टाऊन हॉल म्हटलं तर त्याला कळेचना. आपल्याकडं कोल्हापुरात टाऊन हॉल म्हणजे सीपीआर दवाखान्याजवळचं म्युझियम, शेंबडं पोरगं पण सांगेल. शेवटी हॉर्निमन सर्कल म्हटल्यावर "अच्छा, एशियाटिक!" म्हणाला.

1833 साली पूर्ण झालेली इमारत, पुढं जाडजूड खांब आणि तीस पायऱ्या. संस्था त्याच्याही आधीची, 1804 ची. पायऱ्यांवर कॉलेजची पोरं बसलेली, एक लग्नाआधीचं फोटोशूट चाललेलं, नवरीचा घोळ उचलायला दोन माणसं वेगळी, त्यांच्यातनं वाट काढत मी आपला गुडघा धरून वर. आत नाना शंकरशेटांचा पुतळा, लोखंडी गोल जिना, आणि एक आजोबा पेपर तोंडासमोर तसाच धरून गाढ झोपलेले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे यांचं या संस्थेशी केवढं नातं, त्यामुळं मी चप्पल पण हळू वाजवत होतो.

त्याच इमारतीत राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय पण आहे. 1954 च्या कायद्यानं देशातल्या ज्या चार ग्रंथालयांना प्रकाशकांनी नव्या पुस्तकाची प्रत पाठवायची असते त्यातलं हे एक, म्हणजे कोल्हापुरात छापलेलं पुस्तक पण तिथं जायला पाहिजे. कार्डांचे लाकडी खण होते, कार्डांचे कोपरे बोटं लागून लागून काळे आणि मऊ पडलेले. सहज कोल्हापूर शोधलं तर 1886 चं आपल्या संस्थानाचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीचा ग्रंथ, निघालं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला चोविसावा खंड. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, मी मेंबर नाही, गावाकडनं आलोय, नुसतं बघायचंय. त्यांनी आणून टेबलावर ठेवलं आणि "पानं जरा हळू उलटा काका" एवढंच म्हणाल्या. तासभर बसलो. जेवायचं राहिलंच.

आता खरी गोष्ट. हेच पुस्तक माझ्या घरापासनं दहा मिनिटांवरच्या एका वाचनालयात आहे, नाव सांगत नाही, कुणाला वाईट वाटायला नको. काचेच्या कपाटात आहे, बाहेरनं पुठ्ठा दिसतो. दोन वर्षांत मी तीन हेलपाटे घातले. पहिल्यांदा किल्ली सरांकडं आणि सर रजेवर. दुसऱ्यांदा सर होते तर किल्ली घरी राहिलेली. तिसऱ्यांदा मला विचारलं, "तुम्हाला कशाला पाहिजे?" आता वाचनालयात पुस्तक कशाला मागतात यावर मी काय बोलणार.

आणि हे कोल्हापुरात व्हावं याचं जास्त लागतं. कोल्हापूर संस्थानानं 1945 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला पहिला. मद्रासचा 1948 चा आणि अख्ख्या महाराष्ट्राचा तर 1967 चा. आपलं करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासनं आहे. आपण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं कौतुक दिवसभर सांगतो, पण ही कायद्याची गोष्ट मी दहा जणांना विचारली तर एकालाही माहीत नव्हती, त्यात दोन मास्तर होते.

मला कळतं, अनुदान वेळेवर येत नाही, पगार तुटपुंजे आहेत, आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं गच्च भरलेली असतात तेही चांगलंच आहे, त्यांना कोण नको म्हणतंय. जुनी पुस्तकं घरी द्या असंही म्हणत नाही, फाटतील, हरवतील. पण आठवड्यातनं एक दिवस, दोन तास, तिथंच टेबलावर बसून बघायला मिळावीत, पाहिजे तर आधार कार्ड ठेवून घ्या. शहरातल्या सगळ्याच वाचनालयांनी यावर विचार करावा अशी विनंती आहे.

तेवढं जमत नसेल तर निदान कपाटाची किल्ली कुणाकडं असते आणि ते किती वाजता भेटतात हे नोटीस बोर्डावर लिहा. चौथा हेलपाटा घालायला मी तयार आहे.

आपला,
एक जुना वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर