सशाला दाणे नकोत, वैरण हवी

महोदय,

गंगावेशीत आमच्या घरी तीन पिढ्या जनावरं आहेत. जबडा उघडून दातांवरून जनावराचं वय, म्हणजे आदत, दुसा की चौसा, हे मी उभ्या उभ्या सांगतो. तरी घरातल्या सशाचे दात मला कळले नाहीत, म्हणून हे पत्र.

गेल्या दिवाळीत नातीनं ससा आणला. पांढराफेक, म्हणून नाव चिरमुऱ्या. दुकानदारानं सोबत रंगीत दाण्यांची पिशवी दिली, ‘गाजर घाला, बिस्कीट पण खातोय’ म्हणाला. गवताचं नाव काढलं नाही, आम्हीही विचारलं नाही. खाली गोठ्यात वैरणीचा ढीग, आणि ससा माडीवर खारी खातोय!

श्रावणात त्याची हनुवटी सारखी ओली दिसू लागली. पाण्यात तोंड घालत असेल, असं वाटलं. हरभऱ्याएवढ्या लेंड्या मुगाएवढ्या झाल्या. गाजर तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा. बघतो तर खालचे पुढचे दात ओठाबाहेर आलेले. शेजारी म्हणाले, नेलकटरनं कापा. म्हशींचे खूर तासलेला हात माझा, मी कापला. दात उभा चिरला. त्या पोराचं अंग कसं थरथरलं ते लिहवत नाही.

या जिल्ह्यात म्हशीच्या डॉक्टरांना तोटा नाही, पण सशाच्या दाढा बघणारा शोधायला दोन दिवस गेले. तोवर तो कोथिंबिरीची पानं कशीबशी चघळत होता. नेताना मी माणसासारखं उपाशी ठेवून नेलं, त्यावरही बोलणी खाल्ली. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळं भूल द्यायची म्हणून त्याला उपाशी ठेवायचं नसतं. उलट अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही, तर आतडी थंडावतात आणि जीव जाऊ शकतो.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. सशाला 28 दात, आणि सगळे जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. तासन्‌तास गवत रवंथल्यासारखं चघळलं, तरच दाढा झिजतात. दाणे चार चावांत संपतात. मग खालच्या दाढांची टोकं जिभेत रुततात, वरच्यांची गालात. हनुवटी ओली व्हायची ती याच दुखण्याच्या लाळेनं. मुळं वाढली तर डोळे गळतात, जबड्यात गळू होतो. आम्ही पुढचे दात बघत बसलो, दुखणं मागं होतं. भूल देऊन दाढा तासल्या तेव्हा तो खायला लागला.

पाळीव प्राणी विकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की सशासोबत वाळल्या गवताची एक पेंढी द्या. हवे तर पैसे घ्या. परदेशी गवताची महागडी पाकिटं लागत नाहीत, डोंगरचं वाळकं गवत आणि ताजी हरळी चालते. मात्र बुरशी आलेलं नको. लसूणघास म्हशीला उत्तम, पण मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. गाजर गोड, ते फोडभर आणि कधीतरी.

चिरमुऱ्याच्या दाढा आता वाकड्याच वाढतात. दर दोन महिन्यांनी त्याला तासायला न्यावं लागतं.

आपला,
एक म्हैसवाला आजोबा
गंगावेश, कोल्हापूर