सभेचा पत्ता दवाखान्यातच मिळावा

संपादक महोदय,

दारू सोडवण्यासाठी दवाखान्यात ठेवलेल्या माझ्या मेहुण्यांना घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी मिळाली. मात्र अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या चळवळीची सभा जवळपास कोठे भरते, हे कोणीही सांगितले नाही. अंगातली दारू उतरवणे हे काही दिवसांचे काम असले, तरी खरी कसोटी घरी परतल्यावर, पगाराच्या दिवशी आणि लग्नसराईत लागते, आणि तेव्हा त्याच वाटेने गेलेल्या माणसांची सोबत औषधाइतकीच गरजेची असते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीच्या सभा महाराष्ट्रात मराठीतूनही होतात. आमच्याकडे त्या शाळेच्या एका वर्गात भरतात. लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेली मोठी माणसे केवळ पहिले नाव सांगून स्वतःपुरते बोलतात, आणि मध्ये कोणी उपदेश करीत नाही (नातेवाइकांना हे जमत नाही, मलाही नाही). शुल्क नसते, दारू सोडण्याची इच्छा पुरते. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनचे वेगळे गट आहेत, त्यांची माहिती तर फारच थोड्यांना असते.

पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने उपचारांनंतरच्या पाठपुराव्याचे महत्त्व ओळखले आहे. इतर रुग्णालयांनी निदान घरी सोडतानाच्या कागदावर जवळच्या सभेचे ठिकाण, वार आणि वेळ छापावी, आणि आरोग्य विभागाने तसे आदेश काढावेत.

– एक वाचक, सातारा