शेक घेण्याआधी

सातारा,
१२ जानेवारी

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "सहा महिने झाले गं, ओटीपोटातली कळ जात नाही, रात्री गरम पाण्याची पिशवी पोटावर घेऊनच झोपते." घरात पाहुणे होते, मला मोकळं बोलता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

आज रात्री ती पिशवी पोटावर घेऊन झोपू नकोस. शेकायचं तर टॉवेलात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, जागेपणी. मी दोन वर्षं तुझ्यासारखंच केलं आणि माझ्या पोटावर तपकिरी जाळी उमटली, मासे धरायच्या जाळ्यासारखी. पहिल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून "काही नाही, मनाचं आहे" असं सांगितलं होतं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी साडी खाली सारली, ती जाळी पाहिली आणि विचारलं, "किती दिवस शेकताय?" नंदा, मी तिथेच रडले. रिपोर्टात कुठेच नसलेलं दुखणं माझ्या कातडीवर उमटलं होतं, आणि ते कुणीतरी पाहिलं.

त्यांनी लगेच शेकायला पाठवलं नाही. आधी जंतुसंसर्ग आहे का ते पाहिलं, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा टीबीच्या तपासणीला दिला. ताजा संसर्ग, टीबी, गाठीची शंका किंवा गरोदरपण असेल तर आतला शेक देत नाहीत. सगळं निर्धोक निघाल्यावर फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळाली.

तिथल्या यंत्राला शॉर्टवेव्ह डायथर्मी म्हणतात. पिशवीची ऊब कातडीखाली फार खोल जात नाही. या यंत्राच्या २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरींनी आतल्या मांसातच ऊब तयार होते. दहा मिनिटं एक पट्टी पोटावर, एक कमरेखाली. मग दहा मिनिटं दोन्ही कुशींना. अशा आडव्या-उभ्या शेकाने ओटीपोटाच्या मधोमध ऊब पोचते. त्याआधी फिजिओथेरपीच्या मॅडमनी गरम आणि गार पाण्याच्या नळ्या पोटाला लावून मला फरक कळतो का ते पाहिलं, कारण ज्या जागी गरम-गार कळत नाही तिथे भाजलेलंही कळत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, पिना, मोबाइल सगळं बाहेर. घाम कोरडा पुसला. आणि झोपायला लाकडी टेबल, लोखंडी खाट चालत नाही. मला एकदम आईने बाळंतपणात दिलेला शेक आठवला. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा. तेव्हाही आई सारखी विचारायची, "चटका नाही ना बसत?" मॅडमही तेच विचारत होत्या. नुसती सुखाची ऊब लागली पाहिजे. चटका सोसायचा नाही, लगेच सांगायचं.

आता तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. तुला तांबी बसवलेली आहे. तांबी असली की डायथर्मी देत नाहीत, कारण धातूभोवती उष्णता जास्त होऊ शकते. कुणी विचारो न विचारो, दारातच सांग. म्हणून शेक मिळणारच नाही असं नाही, ओला गरम पॅक असतो. पाण्यात तापवलेली ती जड पिशवी टॉवेलच्या बऱ्याच घड्यांत गुंडाळून ठेवतात.

पण मला बरं वाटलं ते नुसत्या शेकाने नाही. उबेने रक्त खेळतं, आखडलेला स्नायू सैल होतो, कळ काही तास कमी होते. तेवढ्या वेळात खरं काम करायचं असतं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, माझी ती वर्षानुवर्षं मुठीसारखी आवळलेली होती. आणि मी मोबाइलवर बघून आवळायचेच व्यायाम करत होते! त्याने दुखणं वाढत होतं. मॅडमनी ते बंद केले. शेक झाला की गुडघे मोडून पडायचं, श्वास पोटात घ्यायचा आणि तळ खाली सैल सोडायचा. मग माझी परवानगी विचारून, हातमोजा घालून त्यांनी आतून आखडलेल्या स्नायूंची एकेक गाठ हलकेच दाबून सोडवली. पहिल्या दिवशी मी नको म्हणाले, तर त्यांनी हातही लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात हो म्हटलं.

संबंधांच्या वेळचं दुखणं मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, दात आवळून सोसत होते. शेवटी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांना समजलं. सगळं दुखणं गेलेलं नाही. पाळीच्या आधी दोन दिवस कळ येते, त्या दिवसांत डॉक्टरांची गोळी घेते. पण दुकानात चार तास सलग बसते, आणि रात्री पिशवी कपाटात असते. जाळी पुसट झाली आहे.

येत्या गुरुवारी ये. सोनोग्राफीचे जुने कागद आण, तांबी कधी बसवली ते कार्ड सापडलं तर तेही. पाळीच्या तारखा आणि कुठल्या दिवशी किती दुखलं ते आजपासून वहीत लिहायला लाग, डॉक्टरीणबाई विचारतील. आत एकटं वाटत असेल तर मी तुझ्याजवळ थांबते, तशी परवानगी असते तिथे. साडेनऊच्या गाडीने निघ, मी स्टँडवर उभी असेन.

तुझी,
शैला